नऊशे सत्त्याऐंशी किलोमीटर

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून जमत नाही. शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर हातात पेन आलं ते थेट वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही चालत्या गाडीत. म्हणून चुका झाल्या तर माफ करा. माफ करा असं कोणाला म्हणते आहे तेही मला नक्की ठाऊक नाही, कारण ही वही कोणी वाचणार नाही. ती माझ्या साड्यांखाली असते.

वही तशी माझी नाही, काकांची आहे. पुढच्या पानांवर नुसते आकडे आहेत. तारीख, किलोमीटर, पेट्रोल. आकडे माझ्याच अक्षरातले. काही ठिकाणी शाई पसरली आहे, ते वाटीतल्या पाण्यामुळे. त्याचं पुढे सांगते. सगळ्यात मोठा आकडा नऊशे सत्त्याऐंशी आहे, आणि तो मी दोनदा गिरवला आहे. मागची पानं कोरी राहिली, म्हणून मागून लिहायला बसले.

काकांकडे मी मुलुंडला स्वयंपाकाला जायचे. मी भांडुपला राहते, टेकडीवर. नवरा नाही, एक मुलगी आहे. काका एकटेच. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते मूळचे कुडाळकडचे. सगळी नोकरी एका बस डेपोत झाली, डिझेल देण्याच्या खिडकीत. कुठल्या गाडीला किती डिझेल घातलं आणि ती किती फिरून आली, एवढंच त्यांनी बत्तीस वर्षं बघितलं. त्यामुळे माणसं ओळखायची त्यांची रीत वेगळी होती. कोणाचंही नाव निघालं की ते विचारायचे, "उजवा पाय कसा आहे?"

म्हणजे ॲक्सिलेटरवरचा पाय. त्यांचं म्हणणं असं की ज्याचा उजवा पाय जड, तो संसारात, नोकरीत, जेवणाच्या ताटावर सगळीकडे धसमुसळा. आणि ज्याचा पाय हलका, त्याच्या घरात डोळे मिटून मुलगी द्यावी. हे ते खरोखर करायचे. शेजारच्या ताई पुतणीसाठी आलेल्या स्थळाचा फोटो दाखवायला आल्या, तर काका म्हणाले, "मुलगा चांगला दिसतोय. पण गाडी चालवताना बघितलात का?"

"त्याच्याकडे गाडी नाहीये हो काका."

"मग जिना उतरताना बघा. तिथेपण कळतं."

माझ्याशी ते सहा महिने काहीच बोलले नाहीत. मीही बोलत नाही कोणाशी फारसं. मला लाज वाटते. माणूस समोर आला की मला शब्द सापडत नाहीत, तो गेला की सगळे सापडतात. सकाळी जायचं, आमटी-भात, पोळ्या, असले तर बांगडे, ओटा पुसायचा आणि निघायचं. आमचं छान चाललं होतं.

एक दिवस ते पाणी प्यायला आत आले आणि दारातच थांबले. मी शेवटची पोळी तव्यावर टाकत होते. गॅस बंद होता.

"हे काय केलंस?"

मी घाबरले. वाटलं काहीतरी चुकलं.

"गॅस का बंद केलास?"

"शेवटची आहे. तवा तापलेला असतो. होते ती तशीच."

"कोणी शिकवलं तुला हे?"

"कोणी नाही."

त्यांनी ती पोळी हातात घेतली, दोन्ही बाजूंनी बघितली, उजेडात धरली. मग म्हणाले, "सिलेंडर किती दिवस जातो तुझ्या घरी?"

मी सिलेंडरवर खडूने तारीख घालते. ते सांगितलं. दिवस सांगितले. काका तिथेच स्टुलावर बसले आणि मांडीवर थाप मारली. "ह्या आख्ख्या बिल्डिंगमध्ये मायलेज कळणारं कोणी नाही असं मी समजत होतो. आणि ती माझ्या ओट्याशी उभी!"

त्या दिवसापासून मी बाय झाले. "गो बाय, हे बघ." रोज काहीतरी बघायला असायचं. त्यांना हायब्रिड गाडीचा नाद लागला होता. पेट्रोलचं इंजिन आहे आणि बॅटरीपण आहे, प्लग लावून चार्ज करायची नाही. हळू चालताना गाडी बॅटरीवर चालते, ब्रेक मारला की, नाहीतर उतारावर, फुकट चार्ज होते. "तव्यात साठलेली ऊब तू वापरतेस ना? तेच. ब्रेक मारला की दुसऱ्या गाडीची ऊब वाया जाते. ही ठेवून घेते." शोरूमचं पुस्तक जेवणाच्या टेबलावर कायमचं पडलेलं असायचं. त्यातलं एक पान हळद लागून पिवळं झालं होतं, टाकी पंचेचाळीस लिटरची असं लिहिलेलं पान. काका त्यावर बोट ठेवून म्हणायचे, "एका टाकीत हजार किलोमीटर. हजार! मुलुंडहून निघालो तर गावी जाऊन परत."

सोसायटीचे सेक्रेटरी वर मेंटेनन्सची पावती द्यायला यायचे, ते हसायचे. "काका, कंपनी कागदावर काय पण लिहिते. आणि साध्या गाडीपेक्षा ही किती महाग आहे बघा. तो जादा पैसा पेट्रोलमधून वसूल व्हायला तुम्हाला दुसरा जन्म लागेल."

"वसूल होणार."

"शक्य नाही यार काका."

"ह्याचा उजवा पाय जड आहे," सेक्रेटरी गेल्यावर काका मला म्हणाले.

त्यांची जुनी गाडी विकून, फंडातलं सगळं काढूनही साठ हजार कमी पडत होते. कर्ज त्यांना नको होतं. त्यांचा एक पुतण्या होता, त्याने साफ नकार दिला. आणि त्याच आठवड्यात माझी भिशी लागली. साठ हजार. ते पैसे माझ्या मुलीचे होते. ती अकरावीत होती. बारावी झाली की तिला नर्सिंगला जायचं होतं, आणि ॲडमिशनच्या वेळी फी एकदम भरावी लागते.

मी ते पैसे काकांना दिले.

का दिले, हे मला आजही कोणाला नीट सांगता येत नाही. त्यांनी मागितले नव्हते. मीच पिशवीतून काढून शोरूमच्या पुस्तकावर ठेवले आणि भांडी घासायला वळले. एवढं खरं की आयुष्यात कोणी मला "तुला काय वाटतं?" असं विचारलं नव्हतं. काकांनी तीन महिने रोज विचारलं होतं. पांढरी बरी की राखाडी? काचा काळ्या घ्याव्यात का? मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ते उत्तराची वाट बघायचे.

काकांनी आधी नोटा मोजल्या. मग त्यांनी कागदावर लिहिलं. हे साठ हजार गाडी फेडेल. वाचलेल्या पेट्रोलमधून फेडेल. पुढच्या वर्षी फी भरायच्या शेवटच्या तारखेपर्यंत पूर्ण फिटले नाहीत, तर गाडी विकून देईन. खाली सही. मग श्रीखंडाचा एक रिकामा डबा धुऊन पुसून फ्रिजवर ठेवला. "गाडीचे पैसे ह्यात. माझ्या खिशातला एक रुपया ह्यात पडणार नाही. गाडीनेच फेडले पाहिजेत."

घरी सांगितलं तेव्हा मुलगी पोहे खात होती. तिचा चमचा तसाच राहिला.

"आई, तू वेडी आहेस का गं?"

"लिहून दिलंय त्यांनी."

"श्रीखंडाच्या डब्यावर?"

गाडी आली ती पांढरी. पहिल्या दिवशी मला पुढे बसवलं. काकांनी उजव्या पायातली चप्पल काढून मागे ठेवली. डाव्या पायातली तशीच. "उघड्या पायाला गाडी कळते," म्हणाले. बटण दाबलं. काहीच झालं नाही. आवाज नाही, थरथर नाही. मला वाटलं नवी गाडी पहिल्याच दिवशी बंद पडली, बुडाले माझे साठ हजार. आणि गाडी पुढे गेली! बिल्डिंगच्या गेटमधून आवाज न करता बाहेर पडली. दुसऱ्याच्या घरात मी जशी वावरते ना, पाय न वाजवता, तशी. मला एवढं हसू आलं की तोंडाला पदर लावला.

"बघितलंस? इंजान निजलाहा!" काका आनंदात आले की मालवणी व्हायचे. "निजला असा, पण गाडी चालता!"

मग माझं काम ठरलं. त्यांना साक्षीदार हवा होता, कारण सेक्रेटरी त्यांच्या आकड्यांवर विश्वास ठेवत नव्हते. स्वयंपाक झाला की दोन-तीन तास मी गाडीत. एका हातात वही, मांडीवर स्टीलची वाटी, काठोकाठ पाण्याने भरलेली. पाणी सांडलं तर गाडी नीट चालवली नाही असं समजायचं आणि वहीत फुली मारायची. पहिल्या पानांवर फुल्याच फुल्या आहेत आणि माझे आकडे पाण्यात वाहून गेले आहेत. पुढे पुढे फुल्या कमी होत गेल्या.

गाडीत बोलायचं नाही, हा नियम होता. बोललं की चालवणाऱ्याचं पायावरचं लक्ष जातं. "म्हणून तर तुला घेतलं," ते म्हणायचे. जगात एक जागा अशी निघाली, जिथे माझ्या गप्प राहण्याची किंमत होती. वजनाचंही त्यांना फार. डिकीतली छत्री काढली. गणपतीची पितळेची मूर्ती काढून कागदाचं चित्र लावलं. मी एकदा केळं घेऊन बसले तर म्हणाले, "हातात धरून बसू नको, खाऊन टाक, वजन कमी होईल." मी खाल्लं. पवईपर्यंत विचार करत होते की केळं गेलं कुठे मग. पण बोलायचं नव्हतं.

आता ट्रॅफिकचं सांगते, कारण ते आठवलं की मला अजून एकटीला हसू येतं. मोकळ्या हायवेवर ह्या गाडीचं इंजिन चालू राहतं आणि पेट्रोल जातं. अडकत अडकत, मुंगीसारखं चालायचं असेल तर बॅटरीवर चालते. म्हणजे सगळी मुंबई ज्याला शिव्या घालते ते काकांना हवं होतं. अकरानंतर रस्ते मोकळे होतात म्हणून लोक थांबतात, काका साडेनऊला निघायची घाई करायचे. "चल चल, जाम सुटेल!" रेडिओवर लिंक रोडला वाहनांच्या रांगा असं ऐकलं की चहा अर्धा टाकायचे. पवईच्या तलावाशी, जिथून पुढे नुसते लाल दिवे दिसतात, तिथे पोचल्यावर ते खुर्चीत सैल होऊन बसायचे.

"वा! काय ट्रॅफिक आहे! झकास!"

बाजूच्या रिक्षावाल्याने एकदा ऐकलं. तो घामाने भिजलेला, मीटरकडे बघत बसलेला. म्हणाला, "क्या झकास अंकल? आधा घंटा हो गया."

"पेट्रोल किती गेलं विचार."

"कितना गया?"

"शून्य!" काकांनी अंगठा आणि बोट जोडून काचेतून बाहेर काढलं. रिक्षावाल्याने माझ्याकडे बघितलं. मी वाटीकडे बघितलं.

रविवारी आणि सणाला त्यांचा चेहरा पडलेला असायचा. रस्ते रिकामे.

पहिल्या टाकीला नऊशे सोळा झाले. जुनी गाडी लिटरला अकरा द्यायची. तिने एवढ्या किलोमीटरला किती पेट्रोल प्यालं असतं आणि हिने किती प्यालं, त्यातल्या फरकाचे पैसे काकांनी डब्यात टाकले. साडेचार हजारांच्या आसपास. मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, मोठ्याने. दुसऱ्या टाकीला आणखी थोडे जास्त. तिसरीला आणखी. अडीच महिन्यांत डब्यात चौदा हजार झाले. घरी मी मुलीला आकडा सांगायचे. ती म्हणायची, "बरं." पण ती पण मनात मोजत असायची, मला माहीत आहे.

फक्त एक गोष्ट होती. बांगडे बंद झाले होते.

आधी काका म्हणाले, भाव वाढलेत. मग अंडी बंद झाली. मग दूध अर्धा लिटर. मी स्वयंपाक करते, मला डबे उघडले की घर कळतं. तूरडाळीच्या डब्याचा तळ दिसायला लागला तेव्हा मी पोळ्या लाटता लाटता विचार करायला लागले. आम्ही रोज जातो कुठे? मुलुंडहून बोरिवली, बोरिवलीहून परत. कोणाला भेटायचं नाही, काही आणायचं नाही. नुसतं जाम शोधत फिरायचं. पेट्रोल भरायला पैसे जातात, आणि वर डब्यात टाकायला पैसे जातात. दोन्ही पेन्शनमधून. मग वाचलं काय?

चार दिवस मी बोलले नाही. पाचव्या दिवशी पवईच्या चढावर, वाटी मांडीवर धरून, नियम मोडून मी म्हणाले, "काका."

त्यांचा पाय दचकला. पाणी सांडलं.

"घरात जेवायला कोणी नाही, आणि मी उगाच वीस पोळ्या केल्या. पण गॅस दहाच पोळ्यांचा लागला. तर मग गॅस वाचला, की गेला?"

काकांनी गाडी डाव्या बाजूला घेतली. थांबवली. मागून बस हॉर्न देत होती.

"गेला," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पोळ्या पण गेल्या."

घरी येऊन त्यांनी फ्रिजवरचा डबा काढला आणि चौदाच्या चौदा हजार बाहेर काढले. मला वाटलं मला देतायत. त्यांनी ते स्वतःच्या खिशात घातले. "हे खोटे पैसे आहेत. गाडीने कमावलेले नाहीत, मी खाण्यातून काढून टाकलेत. डबा रिकामा. पहिल्यापासून सुरुवात." आणि दुसऱ्या दिवशी बांगडे आणले.

मी घरी येऊन सांगितलं. मुलगी कपाळावर हात मारून खाली बसली. "आई, तू आयुष्यात कोणाला काही बोलत नाहीस. एकदाच तोंड उघडलंस, आणि चौदा हजार घालवलेस!"

दीड महिना गाडी खाली उभी राहिली. काका खिडकीतून तिच्याकडे बघायचे. जिथे जावंच लागतं अशी त्यांना एकही जागा नव्हती, हे त्यांना पहिल्यांदा कळलं असावं. सेक्रेटरी येता जाता विचारायचे, "काय काका, वसूल झाली का?" गाडी विकून देईन असं लिहिलेला तो कागद टेबलावर शोरूमच्या पुस्तकात घातलेला होता.

मी तेव्हा पुरणपोळ्यांच्या आणि उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घ्यायचे. मुलुंड-भांडुपपुरत्याच, हाताने नेता येतील एवढ्या. एकदा काकांच्या ओट्याशी असताना फोन आला. मी म्हणाले, "नाही हो ताई, मालाडला कशी आणू? रिक्षात पोळ्या मोडतात. तुम्ही रिक्षाचे पैसे द्याल हो, पण मोडल्या तर काय?"

काका बाहेरून ओरडले, "कुठे?"

मी फोनवर हात ठेवला. "मालाड."

"किती वाजता पाहिजेत?"

"दहाला."

"दहाला!" काका धावत आत आले. "दहाला मालाडला काय जाम असतो ठाऊक आहे तुला? हो म्हण! हो म्हण गो बाय!"

त्या दिवसापासून वही परत सुरू झाली. ज्या फेऱ्या कोणीतरी करायलाच हव्या होत्या, तेवढ्याच. मालाड, अंधेरी, जोगेश्वरी, घाटकोपर. गिऱ्हाईक पोचवण्याचे जे पैसे देणार होतं, त्यातून पेट्रोलचे बाजूला काढायचे आणि उरलेले डब्यात. स्वयंपाकाचे माझे मला. आणि वाटीची गरज उरली नाही, कारण मागे मोदक होते. उकडीचा मोदक म्हणजे वाटीतल्या पाण्याच्या वरताण. जरा धक्का बसला की कळी चिरते. वर्षभरात एकही मोदक फुटला नाही. सांगा कोणालाही. बायका फोनवर एकमेकींना सांगायच्या, तिचे मोदक टाकून बघा, शोभेला ठेवल्यासारखे येतात. ते माझ्या हातामुळे नव्हतं, काकांच्या पायामुळे होतं. मी तसं सांगायचे, पण कोणाला खरं वाटायचं नाही.

काका आता रोज इस्त्रीचा शर्ट घालायचे. गिऱ्हाइकाच्या दारात मी मागे उभी राहायचे, तेच बोलायचे. "एकशे एक मोदक, वीस किलोमीटर, पेट्रोल एक लिटरपेक्षा कमी." गिऱ्हाईक म्हणायचं, "अच्छा?" आणि माझ्याकडे बघायचं, आणि मी हळूच मान हलवायचे. हो, खरं आहे.

हजार मात्र होईनात. नऊशे तीस. नऊशे चाळीस. एकदा नऊशे बासष्ट. काका टाकी पूर्ण रिकामी होऊ द्यायचे नाहीत, गाडीला वाईट असतं म्हणून. पण मनात ते हजारावरच होते. "एकदा. एकदाच बघायचंय."

बारावीचा निकाल लागला. मुलगी चांगली पास झाली. कॉलेजात नाव लागलं. फी भरायची शेवटची तारीख शुक्रवार. आणि त्या आठवड्यात डब्यात एकोणसाठ हजार तीनशे होते. सातशे कमी.

"राहू देत हो काका," मी म्हणाले. "सातशे मी घालते."

"कागदावर काय लिहिलंय? पूर्ण. सातशे कमी म्हणजे पूर्ण नव्हे." त्यांनी खरोखर गाड्यांच्या दलालाला गुरुवारी सकाळी बोलावून ठेवलं होतं. मला रडू यायचं बाकी होतं. सातशे रुपयांसाठी गाडी विकणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

हातात एकच ऑर्डर होती. बुधवारी अंधेरीला वास्तुशांत, एकशे एक्कावन्न मोदक, नैवेद्य बाराला. बारा म्हणजे बारा, त्या बाई दोनदा म्हणाल्या होत्या, उशीर झाला तर पैसे मिळणार नाहीत. पोचवण्याचे नऊशे ठरले होते. म्हणजे मोदक वेळेवर पोचले तर सगळं फिटतं, नाही पोचले तर गाडी जाते.

आणि त्याच दिवशी टाकी नऊशे अडुसष्टवर होती.

निघताना काकांनी आकडा बघितला आणि त्यांचा चेहरा असा झाला, लहान मुलाचा होतो तसा. "जाता-येता चव्वेचाळीस. आज होणार गो. आज हजार होणार!" मुलगीपण बरोबर होती, मागे मोदकांचा डबा मांडीवर धरून. पवईला पेट्रोलचा दिवा लागला. काका गुणगुणत होते. पुढे लिंक रोडवर मधोमध कसलीतरी मोठी क्रेन आडवी आली होती. आमच्या आवडीचा जाम, पण तो हलेचना. अर्धा तास. बॅटरी उतरली आणि इंजिन जागं झालं. अकरा वाजले. अकरा दहा. जोगेश्वरीशी कसेबसे सुटलो तेव्हा अकरा पंचवीस झाले होते, आणि किती किलोमीटर जाईल हे दाखवणाऱ्या जागी नुसत्या आडव्या रेघा आल्या होत्या.

"नऊशे सत्त्याऐंशी," मी वाचलं.

"तेरा राहिले," काका म्हणाले. "फक्त तेरा."

डाव्या हाताला पेट्रोलपंप दिसला. काकांनी पंपाकडे बघितलं. मग आकड्याकडे. मग आरशातून मागे, मोदकांच्या डब्याकडे आणि माझ्या मुलीकडे. तिने डबा घट्ट धरला. मला बोलावंसं वाटत होतं की चला काका, सरळ चला, होऊ देत हजार. आणि मला हेही वाटत होतं की गाडी मध्येच बंद पडली तर माझ्या पोरीचं काय.

त्यांचा उघडा पाय हळूच वर उचललेला मी बघितला. मग डावीकडचा दिवा टिकटिक वाजायला लागला.

पंपावरच्या माणसाने विचारलं, "कितना?"

नेहमी ते ओरडून "फुल!" म्हणायचे. त्या दिवशी हळू म्हणाले. मशीनवरचे आकडे फिरत होते आणि काका ते ओठांत मोजत होते. चव्वेचाळीस लिटर आणि वर एक थेंब, तिथे थांबलं. काकांनी डोळे मिटले, बोटांवर काहीतरी केलं आणि एकदम मोठ्याने हसायला लागले.

"काय झालं काका?" मुलीने विचारलं.

"लिटरभर होतं अजून आत! वीस किलोमीटर गेली असती! हजार झाले असते गो, आरामात झाले असते!"

"मग हसताय काय?"

"मग काय करू? मोदकांनी थोडीच सांगितलं मला?" आणि डोळे पुसून म्हणाले, "लिही बाय. नऊशे सत्त्याऐंशी. पाणी सांडलं नाही, फुली नाही."

पुढे वही माझ्याकडे ठेवून ते गावी राहायला गेले, तिथे त्यांनी एकदा हजार ओलांडले. फोनवर आनंदाने आकडा सांगितला. मी लिहायला वही काढली तर म्हणाले, "नको. तू गाडीत नव्हतीस. साक्षीदार नाही तर आकडा नाही." म्हणून तो इथे नाही.

त्या बुधवारी आम्ही अंधेरीला पोचलो तेव्हा बाराला आठ कमी होते. मुलगी जिने चढत पळाली, मी मागे, काका एका पायात चप्पल घालून माझ्या मागे. बाईंनी झाकण उघडलं. एकशे एक्कावन्न मोदक, एकाचीही कळी चिरली नव्हती. आतून कोणीतरी म्हणालं, "आले का मोदक? आणा आणा, ताट मांडलंय!" बाईंनी माझे मोदकांचे पैसे दिले आणि वर नऊशे काकांच्या हातात ठेवले. काका म्हणाले, "एकशे एक्कावन्न मोदक, पेट्रोल..." आणि मग त्यांना काय आठवलं कोण जाणे, त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. हात जोडून खाली उतरले.

मुलुंडला आल्यावर त्यांनी आधी दलालाला फोन केला. "उद्या येऊ नको. गाडी विकायची नाही." मग जिन्यात सेक्रेटरी भेटले, त्यांना हाताला धरून वर आणलं, बघायला. श्रीखंडाचा डबा ओट्यावर उपडा केला. नऊशेतून पेट्रोलचे दोनशे बाजूला काढले आणि सातशे त्या ढिगात ठेवले. दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या नोटा, पिठाच्या वासाच्या. काकांनी मोजले. सेक्रेटरींनी मोजले आणि म्हणाले, "मानलं यार काका." मुलीने मोजले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी पण मोजले, सावकाश, थुंकी न लावता. साठ हजार होते. काकांनी वही उघडून पेन दिलं. नऊशे सत्त्याऐंशीच्या खाली मी लिहिलं, पैसे पूर्ण मिळाले, आणि सही केली.